स्टुलावरची नायिका

‘बाईकडे बघता बघता तिचे वाटे घालणारे तुम्हीच, आणि वर आम्ही काय केलं असं विचारणारेही तुम्हीच!’

अभिनवच्या नव्या नाटकाची सुरुवात या वाक्याने व्हायची. पुढे दोन पुरुष एका बाईबद्दल बोलत राहतात. एकाला तिची मान हवी, दुसऱ्याला कंबर. बाई मात्र रंगमंचावर येतच नाही. असतं ते फक्त एक रिकामं स्टूल. पुरुषांना अख्खी बाई दिसतच नसते, हेच तर अभिनवला दाखवायचं होतं.

मनालीला ते पटायचंही. पण ती त्याची मैत्रीण, कॉलेजपासून त्याच्या प्रत्येक नाटकात असलेली. या एकात तिला कामच नव्हतं. तिने नुसतं प्रॉम्प्टिंग करायचं.

तालमी उत्तनच्या कोळीवाड्यात, समाजाच्या हॉलमध्ये. बाहेर अंगणात कृष्णाबाई बोंबील वाळत घालायची. हॉलची किल्लीही तिच्याकडेच. काळे पडदे ओढले की भर दुपारी आत अंधार. एकच दिवा, स्टुलावर. दोन्ही नटांची नजर एकाच जागी पडावी म्हणून अभिनव आधी ती जागा हाताने दाखवायचा. “इथे तिचे डोळे. इथे खांदा...” हवेतून फिरणारा तो हात इतका हळुवार असायचा, की मनालीच्या अंगाची आग व्हायची. आपल्याला याने कधी असा हात लावला होता?

“खांदा काल एवढा खाली नव्हता,” ती एकदा टोचून म्हणाली.

“आज मॅडम वाकून बसल्यात,” नटांपैकी प्रणित हसला.

अभिनव हसला नाही.

त्या दिवशी मात्र तिचा तोल सुटला. संहिता खाली टाकून ती सरळ स्टुलावर जाऊन बसली.

“बघ ना मग! मी आहे की इथे, हाडामांसाची.”

स्टूल गरम होतं. घामाचा वास आला, भेदरलेल्या अंगाला येतो तसा. तो तिचा नव्हता.

अभिनव पुढे आला, अगदी जवळ. तीच नजर, जिच्यासाठी मनाली इतके दिवस जळत होती. पण ती तिच्यावर नव्हती. तिच्या कानाच्या बाजूने, वीतभर पलीकडे...

“अभि... माझ्याकडे बघ.”

तो बघेना. तिच्या मांडीखाली कापडासारखं काहीतरी ताणलं गेलं. सैल पडलं. पुन्हा ताणलं गेलं, जोरात. मनालीच्या अंगावर काटा आला, तरी तिने दात आवळले. आता उठले तर ही जागा कायमची तिचीच. ती आणखी दाबून बसली.

चहाचा थर्मास घेऊन आलेल्या कृष्णाबाईने दारावरचा पडदा सारला आणि ती तिथेच थबकली.

“उठ गो पोरी,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “ती कवाची उठाला बघते हाय, न् तू तिच्या पदरावर बसलीस.”