सोमवारचं रक्त

"माझ्या बायकोनं बाबांवर विषप्रयोग केलाय का, एवढंच सांगा," असं म्हणत तरुणानं पाच रिपोर्ट टेबलावर ठेवले. "आत्या उद्या पोलिसांत जाणार आहे."

ताईंनी चष्मा लावला. खाजगी तपासाच्या भानगडीत पडण्याआधी पंचवीस वर्षं त्या प्रयोगशाळेत रक्त तपासत होत्या. त्यांचे सोबती मास्तर मात्र आकडे बघूनच घामाघूम होत.

"एसजीओटी दोनशे दहा!" मास्तर पुटपुटले. "चाळीसच्या आसपास हवं ना? लिव्हरचा निकाल लागला म्हणायचा."

"मास्तर, अख्खं पान वाचा. एका ओळीवर कुणाला फासावर चढवू नका."

मास्तरांनी वाचलं. एसजीपीटी नव्वद. बिलिरुबिन, जीजीटी, अल्ब्युमिन सगळं ठीक. चार रिपोर्ट सोमवारचे, जवळपास सारखेच. पाचवा शनिवारचा, त्यात एसजीओटी बेचाळीस.

"हाच शनिवारी का?" ताईंनी तरुणाला विचारलं.

"रक्त न्यायला येणारा त्या सोमवारी आलाच नाही."

तासाभरात दोघं त्या घरी पोचले. आत्याबाई दारातच सुरू झाल्या. "सून रोज सकाळी दादाला दुधातून पूड देते. एक दिवस खाडा नाही! आणि वर वहिनीची खोली. ती जाऊन तीन महिने झाले, खोलीला कुलूप. तरी रविवारी दुपारी आम्ही बाजारात गेलो की आत पलंग सरकतो. खालच्या भाडेकऱ्यानं कानांनी ऐकलंय."

"तेव्हा घरात कोण असतं?"

"एकटा दादा. तो म्हणतो, झोपलो होतो."

खुंटीवरची किल्ली घेऊन ताईंनी कुलूप उघडलं. भर दुपारी खोली विहिरीसारखी गार होती. भिंतीशी लोखंडी पलंग. त्याच्या पायांपासून खिडकीपर्यंत फरशीवर चार ताजे ओरखडे. गादीच्या कडेला खळगा, कुणी नुकतंच बसून उठल्यासारखा.

"ताई, चला इथून," मास्तर कुजबुजले.

"थांबा हो. भुताला वजन नसतं म्हणतात ना?"

सून स्वयंपाकघरात उभी होती. रडून डोळे सुजलेले. "ताकदीची पूड आहे ती. त्याच डब्यातली मीही घेते. सासूबाई शेवटच्या आठवड्यात म्हणायच्या, पलंग खिडकीशी न्या, झाड बघू दे. बाबा म्हणायचे, उद्या नेतो. तो उद्या आलाच नाही."

बाबा शाल पांघरून खुर्चीत होते. चहाचा कप उचलताना ते कण्हले आणि कप दोन्ही हातांनी धरला.

ताईंनी प्रयोगशाळेला फोन लावला. "कालचं उरलेलं रक्त आहे ना? त्यात सीपीके बघा."

संध्याकाळी आकडा आला. अठराशे, दोनशेच्या आत हवा तिथे. ताईंनी सगळ्यांना बसवलं.

"एसजीओटी एकट्या लिव्हरचं नसतं, स्नायूंतही असतं. एसजीपीटी मुख्यतः लिव्हरचं; लिव्हर दुखावलं असतं तर ते एवढं मागे राहिलं नसतं, जीजीटीही बहुधा चढलं असतं. कुणाला दारूचा संशय आला, तरी तोही तिथेच ढिला पडतो. पूड रोजची, मग शनिवारी रक्त सुधारलं कसं? विषाला शनिवार कळत नाही, आत्याबाई. सीपीके स्नायूंचं. म्हणजे दर रविवारी हे शरीर झेपणार नाही एवढं ओझं ओढतं, सोमवारी रक्त ते सांगतं आणि शनिवारपर्यंत विसरतं."

मास्तर पुढे झुकले. "म्हणजे तो पलंग..."

"बाबा," ताईंचा आवाज मऊ झाला, "वहिनी रविवारी दुपारीच गेल्या ना?"

म्हाताऱ्याची मान खाली गेली. "पलंग खिडकीशी नेतो. कडेला बसतो. तिला झाड दाखवतो. तुम्ही यायच्या आत परत सरकवतो. लोक हसले असते. या पोरीवर बालंट येतंय, हे मला कुणी सांगितलंच नाही."

"आजारी माणसाला काय सांगायचं, म्हणून..." मुलगा अडखळला. बायकोकडे बघायचं धाडस त्याला होईना.

मग आत्याबाई उठल्या आणि सुनेपुढे हात जोडू लागल्या. तिनं ते अर्ध्यातच धरले.

"हात देवापुढे जोडा, आत्या. माझ्याकडे नुसतं बघा."

आत्याबाईंनी वर बघितलं.