डावं चाक

फडताळातल्या डब्यांची झाकणं खणखणली.

एवढंच. बाकी घर अगदी चिडीचूप होतं. खारू अजून पांघरुणात गुरफटलेली, शिलाई मशीन रविवारच्या सुट्टीवर, नळसुद्धा टिपकत नव्हता. पण झाकणं खणखणली, म्हणजे खाली कोपऱ्यावर ती म्हातारी जीप वळली होती. तिच्या इंजिनाचा हादरा आधी डब्यांना कळायचा, मग खिडकीच्या काचेला, आणि मग... मग छातीत कुठेतरी. अर्थात, हे खारूची आई कबूल करणारी नव्हती. वेणी मात्र सकाळपासून दुसऱ्यांदा घालून झाली होती.

ती खिडकीशी गेली — आणि पडदा हातात तसाच राहिला.

जीपच्या डाव्या सीटवर कुणीतरी बसलं होतं.

कुणीतरी म्हणजे एक बाई. आखूड केस, डोक्यावर चढवलेला गॉगल, आणि हसणं असं की वरच्या मजल्यावरून दात मोजून घ्यावेत.

"मास्तर! झालं का आवरून?" खालून जीपवाल्याने नेहमीसारखी हाक मारली.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. ती उघड्या गाड्यांची कापडी हूडं शिवायची. एका बोळातल्या गाळ्यात ती, तिचं जाड सुईचं मशीन आणि कॅनव्हासचे गठ्ठे. गेल्या वर्षी हा औषधांचा दुकानदार रस्ता चुकून, मामाकडून मिळालेली जीप घेऊन त्या बोळात शिरला. बोळ पुढे बंद. मागे घेताना जीपचं हूड गाळ्याच्या पत्र्यात अडकलं आणि टर्रकन फाटलं.

"तुमच्या पत्र्याने माझं हूड फाडलं," तो म्हणाला.

"तुमच्या हूडने माझा पत्रा वाकवला," ती म्हणाली.

त्याने फाटलेलं हूड उचलून पाहिलं. शेवटी त्याने पडेल आवाजात विचारलं, "इथे जवळपास हूड शिवून देणारं कुणी आहे का हो?" तिने गाळ्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

हूड शिवून झालं, तेव्हा तिने त्याला सांगितलं, की उभ्या गाडीवर सगळीच हूडं छान बसतात, खरं माप कळतं ते खड्ड्यांत. म्हणून दोघं एक वाईटसा रस्ता शोधायला निघाली. तो इतका मनासारखा वाईट निघाला, की त्यानंतर वाईट रस्ते शोधणं हाच रविवारचा उद्योग होऊन बसला. नकाशात नसलेल्या वाटा, लाकूडतोड्यांच्या जुन्या चाकोऱ्या, कुठेच न जाणारे घाट. "हूड पुन्हा फडफडतंय," तो दर शनिवारी फोनवर गंभीरपणे सांगायचा. हूड मुळीच फडफडत नसायचं. "बघायला हवं," तीही तितक्याच गंभीरपणे म्हणायची. मागच्या बाकावर खारू, पुढे ही दोघं. खारूचे बाबा केव्हाच वेगळे राहायला गेले होते, कागदोपत्रीही सगळं निस्तरलं होतं. पुन्हा कुणाच्या शेजारी बसायची तिला सवय लागेल, असं तिला वाटलं नव्हतं.

लागली होती. आणि आज त्या सवयीवर गॉगल चढवून कुणी दुसरीच बसली होती.

"ही माझी कॉलेजातली मैत्रीण," त्याने ओळख करून दिली. "पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करत हिंडते. हिला माइक बाहेर धरावा लागतो, म्हणून म्हटलं पुढे... आजच्या दिवस चालेल ना, मास्तर?"

"मला काय! गाडी तुमची," ती म्हणाली आणि खारूला घेऊन मागच्या बाकावर अशी बसली की स्प्रिंग किंचाळली.

"अगं, तुझ्याबद्दल किती ऐकलंय मी!" मैत्रीण मागे वळून म्हणाली.

म्हणजे माझ्याबद्दल हिला सगळं सांगून झालंय, तिने मनात नोंद केली, आणि हिच्याबद्दल मला एक चकार शब्द नाही.

तिच्या मनातल्या नोंदी मग भराभर वाढत गेल्या. ही त्याला 'येड्या' म्हणते, आणि त्याला ते चालतं. ही थर्मासमधला चहा पहिल्यांदा स्वतःला ओतून घेते. चहा केला कुणी? ही दगडावरून गाडी उडाली की त्याच्या खांद्याला धरते. दरवाजाला दांडी आहे ना धरायला? चांगली मजबूत दांडी आहे. वर्षभर तीच धरून बसले मी!

जंगल दाट झालं. चाकांखाली पाचोळा चुरचुरू लागला, फांद्या हूडवरून सरसर हात फिरवून जाऊ लागल्या. एरवी या जागी तो तिच्याकडे तिरकं बघून म्हणायचा, 'शिवण धरलीय बरं का मास्तर.' आज म्हणाला नाही. आज मैत्रिणीने "थांब, थांब, थांब!" केलं, त्याने इंजिन बंद केलं, आणि मग जे घडलं ते बघायला नको होतं. हेडफोन एकच. एक टोक मैत्रिणीच्या कानाला, दुसरं त्याच्या. दोन डोकी अगदी जवळ. दोघांच्या चेहऱ्यांवर एकच हसू — कुठल्याशा पाखराचं.

"मला! मला पण!" खारूने बाकावरून उडी मारली आणि ती थेट मैत्रिणीच्या मांडीवर. "माइकमावशी, ते काय म्हणतंय?"

माइकमावशी! तासाभरात मावशीसुद्धा झाली. पोटची पोर फितूर झाल्यावर माणसाने बघायचं तरी कुणाकडे? ती बाहेर एका झाडाकडे बघत बसली.

"येड्या, ऐक ना," मैत्रीण म्हणाली. गाडी पुन्हा निघाली होती. "गंमत नाही, खरंच सांगते. चल माझ्याबरोबर. सहा महिने, थेट डोंगरापलीकडची जंगलं. गाडी तुझी, आवाज माझे. दुकान बघेल की तुझा भाऊ."

मागच्या बाकावरची स्प्रिंग पुन्हा किंचाळली.

त्याने आरशात पाहिलं. आरशात नेमके तिचे डोळे होते. तिने ते झटकन काढून घेतले.

"बघू," तो म्हणाला.

बघू! 'नाही' नव्हे, 'शक्य नाही' नव्हे. ती स्वतः एखाद्या गिऱ्हाइकाला 'बघू' म्हणाली, तर आठवड्यात त्याचं हूड तयार असायचं. 'बघू'चा अर्थ तिला कुणी शिकवायला नको होता. म्हणजे आता शनिवारी फोन वाजणार नाही. सहा महिने तो हिच्या कानाला कान लावून पाखरं ऐकणार, आणि आपण बोळात बसून लोकांच्या गाड्या झाकणार.

पुढे ओढा आडवा आला. पाणी फार नव्हतं, चिखल मात्र भरपूर. त्याने गाडी थांबवली.

अशा जुन्या जीपला पुढच्या चाकांचा जोर हवा असेल, तर आधी खाली उतरावं लागतं. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक खटका असतो, तो हाताने फिरवायचा. दोन्ही खटके लागले तरच चारही चाकं ओढतात. एक राहिला, तर दुसऱ्याचा काडीचा उपयोग नाही. वर्षभर हे काम न बोलता वाटलेलं होतं. उजवं चाक त्याचं, डावं तिचं.

तो उतरला. उजव्या चाकापाशी वाकला, खटका फिरवला, हात झटकत परत येऊन बसला. डाव्या सीटवर मैत्रीण कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून तल्लीन.

डावीकडून कुणीच उतरलं नाही.

ते मागून तिने पाहिलं. जीभ अगदी ओठांपर्यंत आली... आणि तिने ती परत नेली. ज्याची सीट त्याचं काम! सहा महिने हिंडायला निघालेत, एवढं तर यायला हवं. तिने हाताची घडी घातली.

त्याने लिव्हर ओढला. जीप ऐटीत चिखलात शिरली, मध्यापर्यंत गेली आणि बसली. पाय दुमडून म्हैस बसावी, तशी. मागची चाकं गरागरा फिरून चिखल उडवू लागली, पुढची ढिम्म.

"असं कसं?" तो पुटपुटला. पुन्हा लिव्हर, पुन्हा गरगर. जीप आणखी वीतभर खाली. "पुढची ओढतच नाहीयेत..."

"खटके लावलेस का दोन्ही?" मैत्रिणीने हेडफोन काढून विचारलं.

"लावले की. उजवा मी लावला, आणि डावा..." तो थांबला. हळूहळू मागे वळला.

"आणि डावा तपासला नाहीस?"

"डाव्याकडे मी कधी बघतच नाही," तो म्हणाला. कानाची पाळी लाल झाली होती. "तो... तो यांचा असतो."

मैत्रिणीने त्याच्याकडे पाहिलं. मग मागे पाहिलं. आणि मग अशी हसत सुटली, की सगळी पाखरं उडाली.

"अगं, हा माणूस कॉलेजात खोलीला कुलूप लावून निघाला की अर्ध्या रस्त्यातून परत जायचा. कुलूप लागलंय ना बघायला! मी त्याच्या दुकानात डोकेदुखीची गोळी मागितली, तर पाकीट तीनदा वाचून मग दिली. आणि वर्षभर हा... चाक न बघता गाडी चिखलात घालतोय?" तिने डोळे पुसले. "येड्या, संपलं. तू कुठे येत नाहीस माझ्याबरोबर."

ती मागच्या बाकावर बसून हे सगळं ऐकत होती, आणि तिचा चेहरा तापत चालला होता. रागाने नव्हे. राग केव्हाच पाघळून गेला होता, त्याच्या जागी आता लाज बसली होती, तीही ऐसपैस. तिने सलवार गुडघ्यापर्यंत खोचली, चपला काढल्या आणि सरळ चिखलात उतरली.

"अहो थांबा, मी करतो!" तोही पलीकडून उडी मारून आला.

"माझं चाक आहे," ती म्हणाली.

चाक अर्धं बुडालं होतं. खटका चिखलाखाली, दिसत नव्हता. तिने कोपरापर्यंत हात घातला आणि बोटांनी चाचपू लागली. तो शेजारी ओणवा झाला. चिखलाला ओल्या पानांचा वास येत होता, त्याच्या शर्टाला औषधांच्या खोक्यांचा.

"तुम्ही बघितलं होतं ना?" त्याने हळूच विचारलं. "खटका राहिलाय ते?"

"...हो."

"मग बोलला का नाहीत?"

"मागे बसलेल्यांनी बोलायचं नसतं."

"मास्तर..."

"काय मास्तर? कानाला कान लावून पाखरं ऐका तुम्ही!" आवाज जरा चढलाच. मग तो एकदम उतरला. "तुमच्या शेजारी दुसरं कुणी बसलेलं मला नाही आवडत. झालं समाधान? एवढी गाडी रुतवली मी त्यापायी."

त्यानेही बाही सारून हात आत घातला. चिखलात त्याचा हात तिच्या हाताशी आला. खटका शोधायलाच आला असावा — पण मग तिथेच राहिला.

"आणि ते 'बघू' काय होतं?" तिने चाकाकडे बघत विचारलं.

"तुमचं तोंड बघायचं होतं आरशात."

"दुष्ट आहात."

"पण दिसलं."

"काय दिसलं?"

"मला वर्षभर जे विचारायचा धीर होत नव्हता, त्याचं उत्तर." त्याने मोठा श्वास घेतला. "मला नुसते रविवार पुरत नाहीत हो. सोमवार उजाडला की दुकानात जीव रमत नाही. सगळेच वार... तुमचे आणि खारूचे... म्हणजे तुमची हरकत नसेल तर..."

बोटांखाली काहीतरी फिरलं. खट्.

"लागला," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, आणि पुसायला एकही स्वच्छ बोट नव्हतं. "हरकत नाही."

"खटक्याची?"

"वारांची!"

मैत्रीण आपणहून मागे जाऊन बसली. "पुढे इंजिनच फार रेकॉर्ड होतंय," असं म्हणाली, पण म्हणताना डोळा मिचकावला. खारूची आई डाव्या सीटवर चढली, चिखलाच्या हाताने दरवाजाची दांडी धरली. त्याने लिव्हर ओढला. चारही चाकांनी मिळून जोर केला, जीप कण्हली, हलली आणि धापा टाकत पलीकडच्या काठावर आली. तिथे ऊन होतं. त्याने इंजिन बंद केलं. कुणालाच लगेच पुढे जायची घाई नव्हती.

खारू मघापासून कान टवकारून होती. चाकापाशी बोलणं चाललं होतं, तेव्हा ती वर दरवाजाला लोंबकळत होती, हे आता दोघांच्याही लक्षात आलं. दोन सीटच्या मधून तिने डोकं पुढे काढलं.

"आई, म्हणजे काका आता रोज आपल्याबरोबर राहणार?"

आईने त्याच्याकडे पाहिलं, त्याने आईकडे. "हो," ती म्हणाली. "राहणार."

खारूला ते पसंत पडलेलं दिसलं. तिने मान डोलावली, सीटवरचा वाळू लागलेला चिखल नखाने खरवडला, थोडा विचार केला. मग एकदा त्याच्याकडे, एकदा आईकडे बघून, अगदी कामाची चौकशी करावी तशी विचारलं —

"आणि बाबांशी झालं तसं तुमचं दोघांचं भांडण झालं, तर काका कुणाकडे राहणार... आपल्याकडे ना?"