डाव्या चौकटीला लागलेला खांदा

"दिवा असू दे, पण दार लोटून घ्या," नाना म्हणाले. तीस वर्षं इस्पितळाची लिफ्ट वर-खाली करून नाना आता घरी बसले होते. समोर त्यांचा नातू आणि नात, दोघंही कॉलेजातली. "ऐकीव नाही हं. आमच्या पापुद्रेबरोबर घडलेलं आहे. अर्धं त्याने सांगितलं, अर्धं मी पाहिलं."

पापुद्रे हे काही त्याचं आडनाव नव्हे. तपासणीला आलेला शरीराचा तुकडा मेणात बसवायचा, यंत्रावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि काचेवर चढवायचे, हे त्याचं काम. त्याच्याइतका पातळ काप कुणालाच जमायचा नाही, म्हणून पापुद्रे. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

त्या रात्री तो कामालाच निघाला होता. फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार, पावणेअकरा वाजलेले. मेंदूच्या कापांना निळा रंग चढवायचा तर काचा रात्रभर गरम कपाटात ठेवाव्या लागतात. त्या कपाटाचा काटा मधूनच भलता चढायचा. तो बघून यायचं, दहा मिनिटांचं काम.

"तुमच्या काचा एक रात्र एकट्या झोपल्या तर रडतील का हो?" बायको म्हणाली.

तो हसला नाही. हसणार कसा? त्या काचांवर त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता.

घरच्या माणसाचं काम घरच्याने करायचं नाही, असा तिथला दंडक. पण तुकडा टिकावा म्हणून ज्या डब्यात फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवतात, त्यावर नाव नसतं, आकडा असतो. पापुद्रेने वहीत आकडा पाहिला आणि डबा मुकाट्याने आपल्या टेबलावर ओढला. दुसऱ्या कुणाला कळलंसुद्धा नाही.

चार वर्षांपूर्वी धाकट्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा थोरल्याने आपली एक काढून दिली होती. जो तो म्हणाला, भाऊ असावा तर असा. तीन वर्षं धाकटा ठणठणीत होता. मग तो घरातल्या घरात दाराच्या चौकटींना आपटू लागला. दर वेळी डावाच खांदा. ताटातलं उजवीकडचं तेवढं संपवायचा आणि बायकोला विचारायचा, "आज कोशिंबीर केली नाहीस?" सगळे हसायचे, चष्मा बदल म्हणायचे. डोळ्यांना काही झालं नव्हतं. डावीकडचं जग मेंदूतूनच पुसलं गेलं होतं. पुढे शब्द गेले. पाच महिन्यांत माणूसही गेला.

आजार कसला होता ते पॅथॉलॉजीच्या मॅडमनी पापुद्रेला बसवून समजावलं होतं. "हा विषाणू बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो, किडनीत जन्मभर झोपून राहतो. शरीराचा पहारा जागा असेतोवर काही करत नाही. पण दुसऱ्याची किडनी टिकावी म्हणून आपण औषधं देऊन पहाराच झोपवतो. मग एखाद्याच्या बाबतीत हा उठतो आणि मेंदूत चढतो. वायरवर प्लॅस्टिक असतं ना, तसं मेंदूतल्या तंतूंवर आवरण असतं. ते आवरण घालणाऱ्या पेशीच हा मारतो."

"माझ्या किडनीतून गेला का, मॅडम?"

"तुमच्यातून असेल, त्याच्या स्वतःच्यातून असेल. कुणीच सांगू शकणार नाही. आणि पापुद्रे, तुम्ही दिली नसती तर ती तीन चांगली वर्षं त्याला कुठून मिळाली असती?"

हे शेवटचं वाक्य त्याने उशाशी जपून ठेवायला हवं होतं. पण माणसाला टोचलेलंच आठवतं. स्मशानातून परतल्यावर भावजय चार माणसांत म्हणाली होती, "मोठे भाऊजी, दान दिलंत की घरात चोर सोडलात?"

तेव्हापासून त्याला एकच जाणून घ्यायचं होतं. चोर कुणाच्या घरातला? काच ते सांगणार नाही, हे त्याच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक होतं? तरीही.

"तिसऱ्या मजल्यावर मीच सोडला त्याला," नाना म्हणाले. "म्हटलं, लवकर ये बाबा, बाराला लिफ्ट बंद करायचीय. बरं म्हणाला. मजल्यावर दुसरं चिटपाखरू नव्हतं."

कपाटाचा काटा जागेवर होता. त्याने परत फिरायला हवं होतं. पण आदल्या दिवशी रंगवलेली एक काच तयार होती. ती त्याने सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

निळ्या कापडाला कसर लागावी तशी फिकट भोकं. एक इथे, दोन तिथे. काही एकमेकांत मिसळून मोठी झालेली. भोकांच्या कडेला सुजून वेड्यावाकड्या झालेल्या पेशी. डोळा लावलेलाच ठेवून तो पुटपुटला, "माझ्याकडून गेला का रे?"

लांब, मजल्याच्या त्या टोकाला, आवाज झाला.

धप्प.

लिफ्टपासून प्रयोगशाळेपर्यंत एकामागे एक चार दारं. त्याला वाटलं, नाना आले.

"नाना?"

...

पावलं. सावकाश. मग पुन्हा, जवळ. धप्प. लाकडावर खांदा आदळल्याचा आवाज. चौकट न दिसल्यासारखा.

"कोण आहे?"

धप्प. तिसरं दार.

त्याला वळायचं होतं. मान वळेना. डोळा काचेवर तसाच. निळं. भोकं. निळं.

चौथी चौकट त्याच्या पाठीमागेच होती.

धप्प.

फॉर्मॅलिनचा वास आला. डब्यातून येतो तसा नाही. श्वासातून यावा तसा. कुणीतरी बोलू पाहत होतं. घशातून नुसती घरघर. शब्द नव्हता. राग होता. लहानपणी हिसकावलेल्या खेळण्यावरून असायचा... तोच.

"अरे... मी तुझ्या भल्यासाठीच..."

बरगडीखाली, डाव्या कुशीवर, गार हात पडला.

हात दाबला गेला.

आत.

आणखी आत.

...

"मी घंटा वाजवली तेव्हा अकरा चाळीस झाले होते," नाना म्हणाले. "भिंत धरत धरत आला. सदऱ्याची डावी बाजू ओलीचिंब. म्हटलं, काटा बघितलास? बघितला म्हणाला."

"मग?" नातीने विचारलं.

नानांनी दार लोटलेलं आहे ना ते एकदा पाहिलं.

किडनी देणाऱ्याला दर वर्षी तपासणी असते. पापुद्रेची मार्चमध्ये होती. सोनोग्राफीच्या डॉक्टर नव्या होत्या. अंधाऱ्या खोलीत उजवी बाजू झाली. डावीवर त्यांचा हात थांबला. त्यांनी जेल पुसलं. पुन्हा लावलं. पुन्हा पाहिलं.

"काका, कोणती दिली म्हणालात?"

"डावी."

"ऑपरेशन नक्की झालंय?"

त्याने सदरा वर करून लांबलचक व्रण दाखवला.

डॉक्टर त्या व्रणाकडे पाहत राहिल्या. मग पडद्याकडे. मग पडदा त्याच्याकडे वळवून, अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"मग ही कुणाची?"