निंबळगडची घरपट्टी

पूर्वेला तांबडं फुटलं आणि निंबळगडाच्या तटावरून पाहणाऱ्यांना पायथ्याशी रात्रीतून पडलेला गनिमाचा गोट दिसला; तंबू, हत्ती, तोफांचे गाडे, आणि त्या सगळ्यांतून गडाकडे लागलेली हजारो माणसांची नजर. गडावर शिबंदी बेताचीच, कारण निवडक धारकरी राज्याचा कारभार पाहणाऱ्या आईसाहेबांच्या हुकमानं बाळोजी खराड्यांबरोबर मोहिमेवर गेलेले. पण किल्लेदार हैबतराव दळव्यांच्या पोटात त्या सकाळीही गनिमापेक्षा जास्त दुखत होतं ते बाळोजीचंच.

दुखणं जुनं होतं. दसऱ्याला गडकरी सोनं द्यायला निघत ते आधी बाळोजीच्या ओट्यावर, मग किल्लेदाराच्या दारी. मान हैबतरावांना, पण माया बाळोजीवर! हैबतराव हसून आपट्याची पानं घेत आणि मग रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नसे. हा सगळा प्रताप त्या ऐसपैस ओट्याचा, त्या देखण्या घराचा, अशी त्यांनी समजूत करून घेतली. मत्सरानं डोकं फिरलं की माणसाला असलं काहीही पटतं.

बाळोजी मोहिमेवर असताना त्याच्या घराची पट्टी थकली. रक्कम ती काय, एका शेळीच्या मोलाची! पण कायदाच असा आंधळा, की पट्टी थकली म्हणजे अख्ख्या घराच्या लिलावाची दवंडी, आणि वर कितीही उरलं तरी मालकाला कवडी नाही. बाळोजीची बायको मैनाबाई पाटल्या मोडून रक्कम घेऊन आली, तर 'मुदत टळली' म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं. हैबतरावांनी बोलीला मेहुणा सुभानराव पुढे केला, किल्लेदाराच्या धाकानं दुसऱ्या कोणी तोंड उघडलं नाही, आणि घर शेळीच्या मोलात गेलं. मैनाबाई थकल्या सासऱ्याचा हात धरून देवळाच्या ओवरीत राहायला गेली. त्या दसऱ्याला हैबतराव त्याच ओट्यावर लोड टाकून बसले. गडकरी आले, मुजरा करून तसेच पुढे निघाले, आणि सोनं द्यायला थेट ओवरीत गेले. आता बोला!

एक गोष्ट मात्र हैबतराव विसरले होते. निंबळगडावर प्रत्येक घराच्या माथी तटाची एक चौकी असे. घर ज्याचं, चौकी त्याची. खराड्यांच्या घराकडे चोरदिंडीची चौकी होती, गडाची सगळ्यांत नाजूक जागा. वेढा पडताच मैनाबाई सदरेवर आली.

"किल्लेदारसाहेब, घर सुभानरावांनी घेतलं, तेव्हा दिंडी त्यांच्याकडे गेली. त्यांना ती झेपायची नाही. तेवढी आमच्याकडे राहू द्यावी."

ती बरोबर बोलत होती, आणि म्हणूनच हैबतरावांचा तिळपापड झाला. "बाईसाहेब, ज्यांना घर राखता आलं नाही त्यांनी गड राखण्याच्या गोष्टी करू नयेत!"

मैनाबाई परतली, पण त्या दिवसापासून रोज पहाटे सासऱ्याची तलवार घेऊन दिंडीजवळ जाऊन बसू लागली. एका पहाटे गनीम धुक्याआडून कडा चढून आला. सुभानरावांनी भाले पाहिले मात्र, बाहेर डोकावायला उघडलेली दिंडी तशीच टाकून त्यांनी धूम ठोकली. मैनाबाई त्या अरुंद दारात उभी राहिली आणि ओरडली, "धावा! दिंडी उघडी आहे!"

हाक सदरेपर्यंत पोचली. राखीव तुकडी किल्लेदाराच्या शब्दावाचून हलत नसे, आणि किल्लेदाराच्या तोंडून शब्द फुटेना. नवऱ्याचं कौतुक ऐकून कान किटले, आता बायकोचे पोवाडे ऐकायचे का, एवढंच त्यांच्या मनात घोळत होतं. तेवढ्या वेळात तिकडे मैनाबाईच्या खांद्यावर वार बसला.

"साहेब, गड चालला!" म्हातारा हवालदार गरजला.

हैबतराव भानावर आले आणि तुकडीच्या पुढे स्वतः धावले. खोटं कशाला बोला, ते त्या पहाटे वाघासारखे लढले. दिंडी वाचली. पुढे बाळोजीची फौज गनिमाच्या पाठीवर येऊन पडली आणि वेढा उठला.

आईसाहेब गडावर आल्या. चौकशी झाली. हैबतरावांची किल्लेदारी गेली, सुभानरावाला हद्दपार केलं, आणि खराड्यांचं घर खराड्यांना मिळालं.

"आणखी काय द्यावं?" आईसाहेबांनी विचारलं.

मैनाबाईचा हात गळ्यात बांधलेला होता. "आईसाहेब, पट्टी सरकारची, ती सरकारनं घ्यावी. पण घर विकून वर जे उरेल ते मालकाच्या हाती पडावं. आणि मालक मोहिमेवर असेल तर तो परतेपर्यंत दवंडी पिटू नये."

त्याच सदरेवर तसा हुकूम सुटला.

नव्या कायद्याची पहिली दवंडी पिटली ती हैबतरावांच्याच घराची. किल्लेदाराकडे पट्टी मागायची छाती कोणाला होती? वर्षानुवर्षांची थकली होती. या वेळी बोली मोकळी झाली, घराला चांगलं मोल आलं, आणि पट्टी वळती करून उरलेली थैली कारकुनानं चार लोकांदेखत हैबतरावांच्या हातात ठेवली.

गड उतरताना पत्नी म्हणाली, "देवाची कृपा म्हणायची. जुना कायदा असता तर आज भीक मागायची वेळ होती. त्या बाईनं तारलं आपल्याला."

हैबतराव वाटेतच खाली बसले. थैली त्यांनी छातीशी गच्च धरली होती, टाकवत नव्हती.

"तेच तर सोसवत नाही गं," ते म्हणाले.