हरवलेला बुधवार

रुग्णालयातून फोन आला आणि टेस्टरच्या हातातला चहा तसाच राहिला. रुग्णांना वेळा देणाऱ्या ॲपमधून अख्खा बुधवारच गायब झाला होता. डायलिसिसचे रुग्ण नंबरासाठी ताटकळत होते.

या टेस्टरला ऑफिसात सगळे शंकासुर म्हणत. पण आज शंकेला जागाच नाही, असं टीम लीडचं म्हणणं.

"नव्या मुलीनं लिहिलंय. प्रोबेशनवर आहे, आजच निरोप देऊन टाकू."

"कोड तर तुमच्या नावानं चढलाय."

"तिला परवानगी कुठे आहे अजून? तिनं दिला, मी चढवला. विचारा की तिलाच."

मुलगी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती, रडून डोळे सुजलेले. रुग्णांचे हाल करणारी म्हणून हाकलली गेली, तर हिला पुन्हा दारात कोण उभं करणार? शंकासुर खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला.

"तू लिहिलंस?"

"कोड लिहायची पद्धत माझीच आहे, दादा. पण रुग्णालयाच्या कामाला मी हातसुद्धा लावलेला नाही. मला तर वेड लागायची पाळी आलीय."

"मग आजवर लिहिलंस काय?"

"इथे? बटणांचे रंग बदलले. मोठं काम काय ते मुलाखतीच्या वेळी, घरी करायला दिलेलं. वाचनालयाच्या पुस्तकांच्या परतीच्या तारखा काढायच्या, सुट्टीचा वार सोडून."

शंकासुर तिला घेऊन थेट मॅनेजरबाईंच्या केबिनमध्ये शिरला. लीड तिथेच बसला होता, अगदी निवांत.

"त्या वाचनालयाला सुट्टी कधी होती गं?"

"बुधवारी," ती म्हणाली आणि स्वतःच दचकली.

"बाई, रुग्णालयाला कधी साप्ताहिक सुट्टी असते? हिला हे काम दिलं असतं, तर बुधवार वगळायचं हिच्या डोक्यात तरी का आलं असतं? हा कोड वाचनालयाचा आहे. उमेदवारांची उत्तरं फक्त लीडकडे जातात. यांनी पुस्तकाच्या जागी रुग्ण आणला आणि आपलं काम म्हणून चढवून दिला. सुट्टीची ओळ तेवढी वाचायची राहिली. अंगाशी आलं, तेव्हा हिच्या माथी मारलं."

"घाई होती हो," लीड पुटपुटला. बाईंनी त्याच्यापुढे हात केला आणि ओळखपत्र मागितलं.

मुलगी मात्र जागची हलली नाही.

"मला निदान नोकरी तरी दिलीत. ज्यांना नापास केलंत, त्यांची उत्तरं कुठे आहेत?"

लीडनं ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि दार गाठलं.

शंकासुरानं आधी बुधवार परत आणला. मग ॲपचे बाकीचे भाग एकेक करून उघडले. प्रत्येक भाग वेगळ्याच हातानं लिहिलेला होता.