पाठकसरांचं अर्धं वाक्य

भोंगा वाजला आणि तिसरीच्या वर्गातलं एकही मूल हललं नाही.

सातवीतली शर्वाणी काचेपलीकडून बघत होती. समुद्रतळावरच्या त्यांच्या वसाहतीत अधूनमधून गळतीची रंगीत तालीम (संकट आलंय असं समजून केलेला सराव) होई. वीज तोडत, कारण खऱ्या गळतीत ती जाणारच; भोंगा आणि छोटे दिवे तेवढे बॅटरीवर चालत. मुलांनी पलीकडच्या खोलीत जायचं आणि हवाबंद दार लावून घ्यायचं, एवढं साधं काम. पण सगळी मुलं उघड्या दारासमोर ओठ किंचित विलग करून उभी होती. तिचा धाकटा भाऊ निषाद सर्वांत पुढे होता आणि फळ्याच्या जागी असलेल्या, वीज गेल्याने काळ्या पडलेल्या पडद्याकडे बघत होता.

"निषाद, आत जा ना," शर्वाणी ओरडली. तो वळला. त्याच्यामागे सगळीच वळली आणि तिच्याकडे बघत राहिली.

वीज परतली. पडद्यावरून पाठकसरांचा गोड आवाज आला. पाठकसर म्हणजे शिकवणारं यंत्र.

"भोंगा वाजला की आपण दार ला...?"

"...वतो," सगळ्या तोंडांतून एकच आवाज निघाला.

"शाब्बास. सगळ्यांना पैकीच्या पैकी."

शर्वाणी तडक देवयानीआत्याकडे गेली. वसाहतीतले सगळे पाठ आत्याच आखत असे.

"आत्या, पाठकसर बिघडलेत. निषाद घरीसुद्धा 'भूक ला...' म्हटल्याशिवाय ताटावर बसत नाही. खरं पाणी आलं तर तो तसाच उभा राहील गं." तिला रडू आवरेना.

आत्याने तिला जवळ घेतलं. वर्गाचं चित्रण बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"यंत्र ठणठणीत आहे, बाळा. चूक माझी आहे. जुन्या चांगल्या शिक्षकांचे तास मी त्याला दाखवले. आपले शिक्षक वाक्य अर्धं सोडतात, वर्ग ते पुरं करतो. त्याने वर्ग जागा राहतो. पण तेच शिक्षक पुढे एकेकाला एकट्याने उत्तर द्यायला फळ्यापाशीही बोलवायचे. मी यंत्राला फक्त बरोबर उत्तरं मोजायला सांगितली, आणि त्याने सोपी वाट धरली, अर्धं उत्तर स्वतःच सांगून टाकायची."

"मग हे तंत्रज्ञानच वाईट?"

"तू यंत्रालाच तंत्रज्ञान समजतेस. खडू, फळा, पडदा ही साधनं. अनुदेशन तंत्रज्ञान (कुणाला, काय आणि कसं शिकवायचं याची विचारपूर्वक आखणी) हे त्यामागचं शास्त्र. त्यात आधी विचारायचं, शेवटी मुलाला काय करता यायला हवं? सांग, निषादला काय यायला हवं?"

"दार लावता यायला हवं. कुणी न सांगता."

"बघ, तू एका वाक्यात सांगितलंस. मग शिकवायची रीत ठरवायची, मग तिला साजेसं साधन. आणि जमलं का ते बघून आखणी सुधारायची. त्याला प्रत्याभरण (परिणाम बघून कामात केलेली दुरुस्ती) म्हणतात. मुलाला बोल लावायचा नाही."

दुसऱ्या दिवसापासून धडा खऱ्या दाराशी सुरू झाला. एका वेळी एकच मूल. पाठकसरांनी फक्त बघायचं होतं. निषाद दारासमोर उभा राहिला, तोंड उघडून, बराच वेळ. त्या शांततेत भिंतीपलीकडचा समुद्र ऐकू येत होता. शर्वाणीच्या ओठांवर 'दार ला...' आलं होतं, ते तिने कसंबसं गिळलं. शेवटी निषादचा हात हलला.

पुढच्या तालमीबद्दल कुणालाच आधी कळवलं नव्हतं. वीज गेली, भोंगा घुमला. मुलं भराभर पलीकडे गेली. निषादने दाराला हात घातला आणि थांबला. तो पुन्हा अर्ध्या वाक्याची वाट बघतोय, असं शर्वाणीला वाटलं.

"मीरा कुठंय?" त्याने विचारलं.

हे वाक्य त्याला कुणी सुरू करून दिलं नव्हतं. तो परत गेला, बाकाखाली घाबरून बसलेल्या वर्गातल्या मीराला हाताला धरून घेऊन आला, आणि मग त्याने दार लावलं.

काचेपलीकडे शर्वाणीशेजारी उभी आत्या डोळे पुसत होती.

"आत्या, मीराला जमलं नाही," शर्वाणी म्हणाली. "आता आखणी बदलायची ना?"

"बदलायची. पण कशी?"

शर्वाणीने थोडा विचार केला. "आधी मीरालाच विचारू या," ती म्हणाली, आणि दोघी मुलांकडे गेल्या.