नदीकाठच्या झाडाची फळी

मी वखारीत गेले होते स्वस्तातलं प्लायवूड शोधायला, आणि तिथे एक उंच माणूस करवतीसमोरच्या ओंडक्यापुढे मान लववून चक्क माफी मागत होता!

मला हसू फुटलं. त्याने वळून पाहिलं.

"हसा, हसा. आमची आत्यासुद्धा हसते."

"हसू नको तर काय करू?" काउंटरवरून आत्याबाई म्हणाल्या. "दोन वर्षं जपानात सुतारकाम शिकून आलाय. तिकडे म्हणे जुन्या झाडात देव राहतो. तेव्हापासून एक ओंडका कापायला याला अर्धा दिवस लागतो!"

माझं हसू मात्र मावळलं होतं. ओंडका मी ओळखला. नदीकाठचं ते म्हातारं झाड – दोन वर्षांपूर्वीच्या वादळात पडलेलं. त्याच्याच सावलीत मी चित्रं काढायला शिकले होते.

"याची एक फळी द्याल? महिन्याने माझं प्रदर्शन आहे. तिच्यावर रंगवीन."

"रंगवणार?" त्याच्या कपाळावर आठ्या. "झाडाने जन्मभर ही रेषांची नक्षी अंगात जपली, आणि तुम्ही वरून रंग फासणार?"

बऱ्याच हुज्जतीनंतर हातभर तुकडा मिळाला. "आधी यावर दाखवा."

मी फुलं रंगवून नेली. तो म्हणाला, "झाड कुठे गेलं?"

घासून, पातळ रंगात पुन्हा केली. "आता फुलं कुठे गेली?"

असा राग आला! तरी पुढच्या खेपेला जाताना इस्त्रीचा कुर्ता का घातला, कोण जाणे...

तिसऱ्यांदा मी आधी ब्रश उचललाच नाही. नुसती लाकडावरून बोटं फिरवत बसले. एका गाठीभोवती रेषा पसरल्या होत्या – पाण्यावर तरंग उठावेत तशा. मग मी फक्त वर एक इवलासा खंड्या रंगवला, सूर मारायच्या बेतात असलेला.

वखारीत नेला, तर तो तुकडा उजेडात धरून पाहत राहिला. कानाच्या पाळ्या लाल.

"आता तरी द्याल फळी?"

"नाही... म्हणजे, अजून थोडं..."

"हट्टी आहात नुसते!" मी तडक निघाले.

आठ दिवस फिरकले नाही. नवव्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात तो – खांद्यावर फळी, केसांत भुसा.

"खंड्या तेव्हाच आवडला होता," तो म्हणाला.

"मग नाही का म्हणालात?"

गुळगुळीत कडेवरून तो उगाच अंगठा फिरवत राहिला. "फळी दिली असती, तर तुमचं येणं संपलं असतं. आठ दिवस कामात लक्ष नाही माझं. तुम्ही..."

"आधी ते 'तुम्ही' सोड."

मग फळीचं एक टोक त्याने धरलं, एक मी, आणि आम्ही ती खिडकीपाशी उजेडात टेकवली.

"तू..." शब्द तोंडात बसेपर्यंत तो अडखळला. "तू रंगवायला बसलीस, तर मी थोडा वेळ थांबू?"

"थांब की," मी म्हणाले. "कायमचा थांबलास तरी चालेल."